अकरा नंबरचा फ्यूज

हमूद म्हणाला, उस्ताद अंबर, ही रोज रात्री मरते.
(आंबेरकरमधला 'कर' सोहारच्या सनैयात
पहिल्याच वर्षी गळून पडला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.)

गाडी म्हणजे घरच, चाकांवरचं.
पंचवीस वर्षांचं, पांढरं, उन्हानं साय धरलेलं.
आधी कुणा डच जोडप्याचं, मग मस्कतमधल्या कुणाचं तरी,
आता हमूदचं. पोर्टातून निवृत्त झालाय,
खरीफला सलालाला न्यायचंय, नातवंडांसकट.
दोन बॅटऱ्या बदलून झाल्या.
'नवी घाल' म्हणणारे तीन गॅरेजवाले भेटले,
'थांब' म्हणणारा कुणी भेटला नव्हता.

मी म्हटलं, थांब.

आधी तिला झोपू द्यायचं असतं.
दारं लावायची, जे उघडं ठेवणं भाग आहे
त्याचा खटका स्क्रूड्रायव्हरनं दाबून ठेवायचा,
निगेटिव्ह काढून मध्ये मीटर जोडायचा
आणि वीस मिनिटं काहीही करायचं नाही.
ही वीस मिनिटंच कुणाला जमत नाहीत.
बिजू दोनदा विचारून गेला, चहा सांगू का.
पत्र्याखाली सेहेचाळीस अंश.
शेजारी कुणीतरी एकच पोचा सकाळपासून ठोकत होतं.

शून्य पॉइंट चव्वेचाळीस.
गाडी बंद, किल्ली हमूदच्या खिशात
आणि आत कुणीतरी निवांत जेवतंय.

मग एकेक फ्यूज.
पाण्याचा पंप: काही नाही.
छताचा पंखा: काही नाही.
पायरीची मोटर. माझा सगळा संशय तिच्यावर,
मनातल्या मनात शिक्षाही सुनावून झाली होती.
काही नाही.
अकरावा काढला आणि आकडा घसरला
शून्य पॉइंट शून्य दोनवर.
तेवढं चालतं. गॅसचा अलार्म, रेडिओची आठवण,
जागं राहायला तेवढं लागतंच.

अकरा म्हणजे आतले दिवे.
दिवे मोजले. सहा. सगळे बंद.
हमूद हसला, अंबर, बंद आहेत, दिसतंय की मला.
दिसतंय, तिथंच तर घोळ.

वरच्या कप्प्यांत एकेक इवलासा दिवा असतो.
दार उघडलं की लागतो, लावलं की विझतो,
म्हणजे विझतो असं आपण धरून चालतो.
लावलेल्या दारामागं राहून कुणी पाहिलंय?

फ्यूज परत बसवला.
मोबाईलवर व्हिडिओ चालू करून कप्प्यात ठेवला, दार लावलं.
पहिल्यात काळोख, आणि बाहेरून येणारा माझा खोकला.
दुसऱ्यातही काळोख.
तिसऱ्याचं दार अडकलेलं. हमूदनं ते कधी उघडलंच नव्हतं.
पटाशीनं सैल केलं, फोन आत सरकवला.

तिसऱ्यात उजेड होता.

पिवळा, बंद खोलीतल्या दुपारसारखा.
त्यात एक केसांचा ब्रश, अर्धी मेणबत्ती,
पत्त्यांचा जोड, वरचं रबर वितळून चिकटलेलं,
आणि डच कॅलेंडर, दोन हजार नऊचा मार्च,
एका तारखेभोवती गोल.

हमूदनं चष्मा लावून दोनदा पाहिलं.
हे माझं नाही, म्हणाला.
चोरी सापडल्यावर लोक ज्या आवाजात म्हणतात तसंच,
खरं असूनसुद्धा.

खटक्याची स्प्रिंग गंजून मेली होती.
दिवा काढताना बोटं भाजली.
मीटर शून्य पॉइंट शून्य दोन. तीन रियाल.
सामान टाकून देऊ का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाला. किल्ली फिरवली, निघाला,
मग काच खाली करून:
गोल कशाला केला असेल, अंबर?

रात्री खोलीवर फोन सांगतो, जागा संपली, काहीतरी पुसा.
बिलांचे फोटो पुसले. भाच्याच्या हळदीतला नाच पुसला.
तो एक मिनिट चार सेकंदांचा कप्पा तेवढा ठेवलाय.
बाकीचे तिघे झोपलेत, म्हणून आवाज बंद करून पाहतो.
ब्रश, मेणबत्ती, मार्च.
शेवटी दार उघडतं
आणि एवढा मोठा माझा हात आत येतो
सगळा उजेड झाकत.